पाण्याची रेषा, नावांच्या पाट्या

पेठांतून पायी फिरणाऱ्याला पुण्यात निळ्या पाट्या भेटत राहतात. महापालिकेने लावलेल्या, मान जरा वर केल्याशिवाय दिसू नयेत अशा बेताने ठोकलेल्या. मजकूर बहुतेक एकाच साच्यातला. कुणी समाजसुधारक, कुणी इतिहाससंशोधक, कुणी गवई, आणि त्यांचं इथे वास्तव्य होतं. ‘इथे’ म्हणजे कुठे, ते विचारायचं नाही. ज्या वाड्याच्या दिंडी दरवाजाशी ही पाटी शोभली असती तो वाडा कधीच पडला. आता तिथे पार्किंगच्या खांबांवर उभी असलेली इमारत आहे, खाली झेरॉक्सचं दुकान, आणि पाटी दोन मीटरबॉक्सच्या मधल्या जागेत. तिच्याखाली उभं राहून वर पाहिलं की तिसऱ्या मजल्यावर कुणाचे तरी टॉवेल वाळत असतात.

माझं या पाट्यांशी भांडण नाही. त्या आहेत म्हणून निदान नावं तरी डोळ्यांखालून जातात. पण त्या फार सभ्य आहेत. गोपाळ गणेश आगरकरांचंच घ्या. १८८१ साली ‘केसरी’ निघाला तेव्हा त्याचे पहिले संपादक आगरकर. पुढे टिळकांशी पटेना, बाहेर पडले, १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. आणि या गावाने त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, तीही त्यांच्या दारावरून. एवढं सगळं ‘थोर समाजसुधारक’ या दोन शब्दांत कसं बसवायचं? ज्या रस्त्यावरून ती तिरडी गेली तिथे एक पाटी लावायला काय हरकत होती? ‘येथून आगरकरांची प्रेतयात्रा नेण्यात आली. ते त्या वेळी हयात होते.’ एवढी दोन वाक्यं पुरली असती.

आपल्याकडे फलक म्हटला की त्यावर दोन मजकूर असतात. एक ज्यांच्या स्मरणार्थ तो लावला त्यांचा, दुसरा ज्यांच्या शुभहस्ते लावला त्यांचा. दुसरा नेहमी मोठ्या टायपात. चौकाचं नामकरण झालं की हुतात्म्याचं नाव एका ओळीत, आणि खाली ‘संकल्पना’, ‘प्रमुख उपस्थिती’, ‘विशेष सहकार्य’, ‘यांच्या विकासनिधीतून’ अशी मंडळी दाटीवाटीने उभी. काही शतकांनी कुणी इथे उत्खनन केलं तर त्याचा असा समज होईल की एकविसाव्या शतकात पुण्यावर ‘संकल्पना’ नावाच्या घराण्याचं राज्य होतं. आणि एवढं करून लोक तो चौक त्या नावाने ओळखत नाहीत ते नाहीतच. टिळक चौकाला अलका टॉकीजचा चौक म्हणतात, जेधे चौकाला स्वारगेट म्हणतात. नामकरण करणाऱ्यांनाही घरी जाताना रिक्षावाल्याला तसंच सांगावं लागतं.

पुण्यातल्या सगळ्या स्मारकांत मला जी सर्वात खरी वाटते ती एक आडवी रेषा आहे. नदीकाठच्या पेठांतल्या काही जुन्या भिंतींवर ती अजून दिसते. कुठे दगडात कोरलेली, कुठे ऑइलपेंटचा नुसता फराटा, शेजारी तारीख: १२-७-६१. पानशेतचा पूर. यापलीकडे काही लिहिलेलं नसतं, आणि लिहायची गरजही नसते. आपण त्या भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. पाणी आपल्या कुठवर आलं असतं ते आपलं अंगच सांगतं. काही ठिकाणी रेषा शोधायला मान इतकी वर करावी लागते की पुढे काही विचारावंसं वाटत नाही.

पानशेतचं धरण तेव्हा पुरतं बांधून व्हायचं होतं. त्या जुलैत पावसाने पाणी भराभर चढलं आणि मातीचा बांध खचायला लागला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूच्या गोण्या रचून तो धरून ठेवला. १२ जुलैच्या सकाळी, बुधवारी, तो फुटला. ते सगळं पाणी खाली खडकवासल्याला आलं, आणि दुपारी एकोणिसाव्या शतकातलं ते दगडी धरणही गेलं. जवानांनी ते काही तास मिळवून दिले नसते तर लोंढा झोपलेल्या गावात शिरला असता, असं जुने पुणेकर आजही सांगतात, आणि सांगताना त्यांचा आवाज बदलतो. पूर दिवसाढवळ्या आला म्हणून माणसं पळू शकली. वाडे, दुकानं, गोठे, तालमी, छापखाने कुठे पळणार?

माझी आत्या तेव्हा शाळेत होती. तिचं घर शनिवार पेठेच्या वरच्या अंगाला. तिच्या बोलण्यात सन कधी येत नाही. ‘पुराच्या आधी’ आणि ‘पुरानंतर’ असे तिच्या हिशेबात काळाचे दोन भाग आहेत. धाकट्या काकांची मुंज पुराच्या आधी, तिचं लग्न पुरानंतर, घरातलं पितळी घंगाळ पुरात गेलेलं. मी एकदा तिला विचारलं, “आत्या, भीती नाही का गं वाटली तुला?”

“भीती कसली? शाळा लवकर सुटली, मजाच वाटली की. सगळी पेठ पर्वतीच्या वाटेला लागलेली. कुणाच्या हातात देव, कुणाच्या हातात स्टोव्ह. एका बाईंनी तर लोणच्याची बरणी घेतली होती कमरेवर, पोर घ्यावं तशी.” मग जरा थांबून म्हणाली, “भीती परत आल्यावर वाटली. पाणी गेलं गं, पण चिखल कुठे जातोय? फडताळात चिखल, देव्हाऱ्यात चिखल, जात्याच्या तोंडात चिखल. भिजलेलं धान्य कुजलं त्याचा वास मला अजून येतो. कोठीचं दार उघडलं की येतो.”

पूर आला आणि त्याबरोबर नळाचं पाणी गेलं, हा त्यातला सगळ्यात विचित्र भाग. शहराला पाणी खडकवासल्याचं, आणि खडकवासलाच फुटलेलं. वीजही गेलेली. ज्यांच्या उंबऱ्यात नदी येऊन गेली तीच माणसं दुसऱ्या दिवशी कळशी घेऊन जुन्या विहिरींवर रांगेत उभी. पेशवाईतले हौद आणि आड, ज्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं, ते त्या दिवसांत गावाच्या उपयोगी पडले. पुढे पुनर्वसनाची सूत्रं सनदी अधिकारी स. गो. बर्वे यांच्याकडे आली. माळावर पत्र्याच्या अर्धगोल निसन हट उभ्या राहिल्या. लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर या नावांना त्या पुराची ओल आहे. आज तिथे फ्लॅट घेणाऱ्याला वाटतं आपण चांगल्या, उंचावरच्या वस्तीत आलो. उंचावरची आहे म्हणूनच ती वसली.

या रेषेवर माझा जीव आहे, पण तिचीही एक खोट आहे. रेषा काढायला भिंत उरावी लागते. ज्यांची घरं मातीची होती, कुडाची होती, नदीच्या अगदी कडेला होती, त्यांच्या भिंतीच पाण्याबरोबर गेल्या. सगळ्यात जास्त पाणी जिथे होतं तिथे रेषा नाही. दगडी जोत्याच्या वाड्यांवर ती आहे, कारण ते वाडे तगले. आठवण ठेवायलाही थोडी ऐपत लागते की काय, असं ती रेषा पाहताना मनात येतं आणि मग पुढची पाटी वाचताना नजर बदललेली असते.

भिंत नसलेल्यांनी आपली आठवण दुसरीकडे ठेवली. पुण्याच्या देवांची नावं बघा. पासोड्यांचा बाजार भरायचा तिथला विठोबा पासोड्या. निवडुंगाच्या बनात सापडला तो निवडुंग्या. हलवायाच्या दुकानाशेजारचा, जिलब्यांची माळ घालून बसणारा मारुती जिलब्या. देवळावर पत्रा घातला तो पत्र्या मारुती. आणि सदाशिव पेठेतल्या ज्या मुरलीधराच्या प्रतिष्ठापनेच्या वेळी चकमक होऊन रक्त सांडलं, त्या बिचाऱ्याला कायमचं नाव पडलं खुन्या मुरलीधर. ज्याने बासरीखेरीज हातात काही धरलेलं नाही त्या देवाला ‘खुन्या’ म्हणायला जे धार्ष्ट्य लागतं ते कुठल्याही फलक समितीकडे नाही. बाजार उठला, निवडुंग गेला, पण नाव बोलण्यात आहे तोवर कुणीतरी पोर आईला विचारतंच, “याला असं का म्हणतात?” लकडी पुलाचंही तसंच. आज त्यात औषधाला लाकूड नाही, सरकारदरबारी तो संभाजी पूल आहे. पण पानिपतावरून हरून आलेल्या शिपायांना भर गावातून मान खाली घालून जावं लागू नये म्हणून नानासाहेब पेशव्यांनी नदीवर लाकडी पूल टाकला, असं सांगतात. पराभवाची, तीही माणसांच्या लाजेची काळजी घेणारी आठवण गावाने एका विशेषणात धरून ठेवली आहे. तिथे फलक लागला असता तर त्यावर पराभव आला असता का, मला शंका आहे.

गणेशखिंड रस्त्याने जाताना हे फार जाणवतं. २२ जून १८९७ च्या रात्री याच रस्त्यावर दामोदर आणि बाळकृष्ण चापेकरांनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव गव्हर्नमेंट हाउसमध्ये साजरा झाला होता, साहेब मंडळी बग्ग्यांतून परत निघालेली. ‘गोंद्या आला रे’ ही खुणेची हाक. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. दामोदर १८९८ मध्ये फासावर गेले, बाळकृष्ण, वासुदेव आणि महादेव रानडे १८९९ च्या मे महिन्यात, एकाच आठवड्याच्या आत. रस्त्याकडेला या घटनेचं स्मारक आहे. मेट्रोचे खांब, उड्डाणपुलाची कामं आणि हिंजवडीकडे धावणारी गर्दी यांत ते किती जणांना दिसत असेल, देव जाणे. तरी हा प्रसंग गावाला ठाऊक आहे. शाळेत शिकवतात, नाटकांतून दिसतो.

ज्या कारणाने हे घडलं ते मात्र अधांतरी राहतं. १८९७ च्या सुरुवातीला पुण्यात प्लेग पसरला होता. रँडच्या समितीने घरझडतीसाठी गोरे सोजीर लावले. ते स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरत, माणसांना रस्त्यावर आणून तपासत, सामानाची होळी करत, आजाऱ्याला इस्पितळात आणि घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत नेत. गावच्या गाव सामान बांधून बाहेर पळालं. छावण्यांत किती आया मुलांपासून तुटल्या, किती माणसं निरोप न घेता गेली, त्यांच्या जागांवर एक दगडही नाही. करोनात आपण सगळे घरात कोंडलेले असताना मला वाटलं होतं, आता कुणीतरी विचारेल की त्या वेळच्या छावण्या कुठे होत्या. आपल्याला तेव्हा दुसरीच कामं होती.

आणि त्याच रस्त्याला आणखी एक धागा आहे, तो कुठल्याच फलकावर जोडलेला नाही. रँडवर गोळी झाडली गेली त्याच्या साडेतीन महिने आधी, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई फुले याच प्लेगने गेल्या. मुलगा यशवंत डॉक्टर. गावाबाहेर त्याच्या दवाखान्यात त्या रोग्यांची शुश्रूषा करत होत्या. मुंढव्याकडच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या आल्या आणि त्यांनाच लागण झाली, असं सांगितलं जातं. आता भूगोल पाहा. ज्या गव्हर्नमेंट हाउसमधून रँडची बग्गी निघाली, ती इमारत म्हणजे आजच्या विद्यापीठाची मुख्य इमारत. २०१४ पासून त्या विद्यापीठाला नाव सावित्रीबाईंचं. एकाच साथीच्या दोन टोकांच्या आठवणी एकाच रस्त्यावर आहेत, त्याच चौकातल्या सिग्नलला रोज हजारो लोक थांबतात, आणि या दोन गोष्टी एकमेकींच्या शेजारी ठेवणारी एक ओळ कुणी तिथे लिहिलेली नाही. सिग्नल चांगला लांबलचक आहे. वाचून झाली असती.

पेठांमध्ये परत येऊ. पेशवाईत कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणलं होतं. अठराव्या शतकाच्या मध्याला, नानासाहेब पेशव्यांच्या काळात. पंप नाही, नुसता उतार. जमिनीखालून दगड-विटांचे बांधीव नळ, त्यातली हवा आणि दाब सुटावा, गाळ काढता यावा म्हणून वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले. लोक त्यांना उसासे म्हणत. त्यांतले काही अजून कात्रजच्या बाजूला रस्त्याकडेला उभे आहेत, अंगावर पोस्टरं घेऊन. जवळ राहणाऱ्यांनाही ते काय आहे ते सांगता येईलच असं नाही. कुणी म्हणतं जुनं थडगं, कुणी म्हणतं चौकी. हे पाणी हौदांतून गावाला मिळे, आणि कोणी कुठल्या हौदावर पाणी भरायचं हे जातीवर ठरे. म्हणून जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला याचं मोल कळायला आधी हे नळ आणि हे उसासे कळावे लागतात. गंज पेठेतल्या फुले वाड्यात जाणारी शाळकरी मुलं तो हौद बघतात. त्यांना कुणी वाटेत थांबवून सांगत नाही की बाकीच्या हौदांवर काय चाललं होतं.

फरासखान्याजवळच्या बाहुलीच्या हौदाची गोष्ट मला आत्याने सांगितली, आणि तिलाही ती तिच्या आजीने सांगितली होती. डॉ. विश्राम रामजी घोले हे नामांकित शल्यचिकित्सक, फुल्यांचे सहकारी. त्यांची मुलगी काशी, लाडाने बाहुली. वडील तिला शिकवू लागले ते भाऊबंदांना खपलं नाही, आणि कुणीतरी तिला खाण्यातून काच कुटून घातली, असं सांगतात. पोर आठ-नऊ वर्षांची असताना गेली. वडिलांनी तिच्या नावाने हौद बांधला आणि तो सगळ्या जातींच्या लोकांना खुला ठेवला. एका बापाचं दुःख आणि गावाला मारलेली चपराक, दोन्ही त्या एका बांधकामात आहेत. त्याच्या आसपास आज दुचाक्यांची इतकी दाटी असते की हौद शोधायला आधी एक-दोन हँडल बाजूला करावी लागतात. मी आत्याला घेऊन गेले होते तेव्हा तिने तिथे उभ्या असलेल्या एका मुलाला विचारलं, “बाळा, हे कशाचं आहे माहिती आहे का रे?” तो म्हणाला, “काकू, इथे टो करत नाहीत.”

तिथून चार पावलांवर भिडे वाडा होता. दगडूशेठ गणपतीच्या समोर, तात्यासाहेब भिड्यांचा. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी तिथे मुलींची शाळा काढली. नंतरची कितीतरी वर्षं खाली दुकानं, वर मोडके वासे, आणि न्यायालयात खटला. समोर रोज हजारो लोक गणपतीला हात जोडत आणि पाठीमागे शाळा कोसळत. अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर डिसेंबर २०२३ मध्ये महापालिकेने रातोरात तो मोडकळलेला वाडा उतरवला. आता तिथे राष्ट्रीय स्मारक व्हायचं आहे. पुतळे येतील, भित्तिचित्रं येतील, प्रकाशयोजना येईल, ‘संकल्पना’ तर येईलच. माझं मागणं थोडं आहे. पहिल्या दिवशी त्या शाळेत सहा मुली होत्या. अन्नपूर्णा जोशी, सुमती मोकाशी, दुर्गा देशमुख, माधवी थत्ते, सोनू पवार, जनी करडिले अशी त्यांची नावं दिली जातात. ती तिथे दर्शनी भागात, चांगल्या जाड अक्षरांत असावीत. शाळा काढणाऱ्यांवर शेण-माती पडली हे आपण सांगतो आणि सांगायलाच हवं. पण त्या सहा पोरीही त्याच रस्त्यांवरून पाटी-पेन्सिल घेऊन चालत आल्या. फुल्यांच्या शाळेत पुढे शिकलेल्या मुक्ता साळवेने चौदाव्या वर्षाच्या आसपास मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ मध्ये तो ‘ज्ञानोदया’त छापून आला. तिचंही नाव त्याच भिंतीवर हवं.

कोरलेलं टिकतं, पण लावणाऱ्याला जे म्हणायचं होतं तेच टिकतं असं नाही. पुण्याभोवतीच्या गावांत मारुतीच्या देवळापाशी वीरगळ असतात. खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला माणूस, कधी त्याने राखलेल्या गाई. मधे अप्सरा त्याला वर नेताहेत. सर्वात वर तो शंकराच्या पिंडीपुढे हात जोडून बसलेला. शेजारी कधी सतीशिळा, कोपरात वाकलेला बांगड्या ल्यालेला हात. माथ्यावर चंद्र-सूर्य, ते आहेत तोवर ही आठवण राहो म्हणून. बहुतेकांवर अक्षर नाही, नाव नाही. ज्याच्यासाठी दगड कोरला त्याचं कूळ विसरलं गेलं आणि लोकांनी दगडाला शेंदूर फासून देव केला. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना त्या शेंदराचा त्रास होतो, कोरीवकाम बुजतं म्हणून. त्यांचं बरोबरच आहे. पण शेंदूर होता म्हणूनच पाटबंधाऱ्यात आणि रस्ता-रुंदीकरणात ते दगड भरावात गेले नाहीत, हेही तितकंच बरोबर.

नगर रस्त्यावर पेरणे फाट्याशी भीमेकाठी उभा असलेला स्तंभ याहून मोठ्या उलथापालथीतून गेला. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईनंतर कंपनी सरकारने तो आपल्या फौजेच्या पराक्रमासाठी उभारला, इंग्रजीत आणि मराठीत लेख कोरले, कामी आलेल्यांची नावं घातली. त्यांतल्या बावीस नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे, म्हणजे ते महार शिपाई. कंपनीला त्या अक्षरांतून जे सांगायचं होतं ते कंपनीबरोबर गेलं. १९२७ च्या १ जानेवारीला डॉ. आंबेडकर तिथे गेले, आणि ज्या नावांकडे शंभर वर्षं कुणी पाहिलं नव्हतं त्या नावांसाठी लोक येऊ लागले. आज वर्षारंभी तिथे लाखोंचा समुदाय असतो. मजकूर तोच, एक अक्षर बदललेलं नाही. त्या स्तंभावर नुसतं ‘शूर सैनिकांच्या स्मरणार्थ’ असतं आणि नावं नसती, तर त्यांना तिथे शोधायला काय मिळालं असतं? निळ्या पाट्यांपेक्षा मला नावांच्या याद्या जवळच्या वाटतात त्या यामुळे.

आमच्या आत्याचा वाडा गेल्या काही वर्षांत पुनर्विकासाला गेला. तिच्या भिंतीवर पुराची रेषा होती, साधारण माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर, तिच्या वडिलांनी काढलेली. वाडा पाडायच्या आधीच्या बैठकीत कार्पेट एरिया, कॉर्पस आणि पार्किंग यांवर चार तास झाल्यावर आत्याने विचारलं, “आणि रेषेचं काय?” पहिल्यांदा कुणालाच कळेना. मग बिल्डरच्या माणसाने मान डोलावून सांगितलं, काळजी करू नका, नव्या भिंतीवर काढून देऊ. काढून देऊ म्हणजे कुठे? जोतं वर उचललेलं, जुनी जमीन भरावाखाली, भिंतीच्या जागी पार्किंगचे खांब. डोक्याइतकी रेषा नव्या जमिनीवरून मोजली तर १९६१ चं पाणी विनाकारण वाढलं असतं. हा मुद्दा आत्याचाच. ती गणिताची शिक्षिका होती.

तोड गवंड्याने काढली. समोरच्या वाड्याच्या भिंतीवर त्याच पुराची रेषा शाबूत होती. त्याने लेव्हलसाठी वापरायची पाण्याची पारदर्शक नळी काढली, एक टोक समोरच्या रेषेला धरायला एका पोऱ्याला उभं केलं, गल्लीतली रहदारी थांबवून नळी आमच्या खांबापर्यंत ओढली, आणि पाणी जिथे स्थिर झालं तिथे पेन्सिलीने खूण केली. रेषा आता छातीपेक्षा थोडी वर येते. खूण झाल्यावर बिल्डरच्या माणसाने हळूच मला बाजूला घेतलं. “मॅडम, रेषा काढा, पण शेजारी ‘पूररेषा’ असं लिहू नका. निळी पूररेषा, लाल पूररेषा, लोक गुगल करतात. वरचे दोन फ्लॅट जायचेत अजून.” त्याचंही खोटं नव्हतं. हल्ली नदीकाठी जमीन घेणारा पाटबंधारे खात्याचा नकाशा आधी बघतो, आणि त्याने तो बघावाच.

आत्याला हे कळल्यावर ती म्हणाली, “मग ‘पूररेषा’ नका लिहू. लिहा, पाणी इथवर आलं होतं. तारीख घाला. कुठलं पाणी ते ज्याला कळायचं त्याला कळेल.” तसंच केलं. पांढरी फरशी, काळी अक्षरं. महिनाभरात तिच्या खाली इमारतीतल्या कुणीतरी संगणकावर टाइप करून, प्लास्टिकमध्ये घालून, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून आणखी एक कागद डकवला: ‘वरील रेषा ऐतिहासिक आहे. तिला सायकल टेकवू नये. टेकवल्यास हवा सोडली जाईल. हुकुमावरून.’ मी तो काढायला निघाले होते. आत्या म्हणाली, “राहू दे गं. वरचं कोणी वाचत नव्हतं. हा वाचायला थांबतात, तेव्हा तेही वाचतात.”